कोपऱ्यातले शून्य

बँकेतल्या कारकुनाबद्दल समाजाचा एक गोड गैरसमज असतो. तो म्हणजे, याला हिशेब येतो. याच गैरसमजापोटी आमच्या पंचवटीतल्या मंडळाने एका मे महिन्यात मला नवोदितांच्या कबड्डी शिबिरात गुणलेखक म्हणून बसवले. मैदानाशी तोवरचा माझा संबंध शेजारच्या मिसळीपुरता. पण काम पत्करले की आदल्या रात्री अभ्यास करायचा, ही बी. कॉम.पासूनची सवय. म्हणून खेळाचा इतिहास वाचून काढला.

वाचून गहिवरलो. हा खेळ एखाद्या बँकवाल्यानेच काढला असावा! जुन्या हुतूतूचे तीन प्रकार. 'संजीवनी'त बाद झालेला गडी, समोरचा एक बाद झाला की पुन्हा आत येई. म्हणजे निलंबित होऊन परत रुजू. 'गामिनी'त अख्खा संघ बाद होईपर्यंत तो बाहेरच, म्हणजे सेवानिवृत्त. आणि 'अमर'मध्ये बाद झाला तरी जागा सोडायची नाही, नुसता गुण समोरच्याला द्यायचा. अशी अमर माणसे आमच्या शाखेत पुष्कळ आहेत.

आजच्या कबड्डीने संजीवनी घेतली. १९२३ साली बडोद्याला हिंदविजय जिमखान्याने स्पर्धा भरवल्या. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने ऑलिंपिकच्या वेळी थेट बर्लिनला हा खेळ करून दाखवला. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत भारताने सुवर्णपदक मिळवले. पण एवढ्या इतिहासात टाळ्या बहुतेक चढाई करणाऱ्याला. दम धरून तो एकटा जातो, मांडीवर थाप मारतो, फोटोही त्याचाच येतो. कोपऱ्यात वाकून त्याच्या घोट्याकडे बघणाऱ्याचा फोटो आला, तर पाठमोरा.

शिबिरात मी खतावणीच उघडली. चढाईचे गुण, पकडीचे गुण, बोनस. निफाडकडचा एक मुलगा डाव्या कोपऱ्याला उभा राही. बोलणे नाही, थाप नाही. पहिल्या दिवशी त्याने दोन घोटे धरले. पुढचे चार दिवस त्याच्या नावापुढे शून्य, शून्य, शून्य, शून्य. पाचव्या संध्याकाळी मी खाते टॅली केले, त्याला सर्वांत खाली टाकले आणि यादी निवड समितीकडे पोचती केली. सही ठसठशीत.

यादीची नक्कल पाहून प्रशिक्षक आप्पा म्हणाले, "अहो, त्याच्या बाजूला चढाया किती गेल्या, ते कुठं लिहिलंय?"

"तसा रकाना नाही," मी म्हणालो.

"पहिल्या दिवशी दोघांचे घोटे आवळले त्यानं. तेव्हापासून त्या बाजूला कोण गेलंय? सगळी पोरं उजवीकडंच घिरट्या घालतायत. म्हणून तर उजवीकडच्यांना एवढ्या पकडी मिळाल्या!"

मी गप्प. आमच्या बँकेतही असेच. फरक निघाला तर साहेब नाव विचारतात. फरक निघू न देणाऱ्याचे नाव पंचवीस वर्षांत कुणी विचारलेले नाही. हे मला कळायला हवे होते. आप्पा समितीकडे गेले, पण समितीला माणसाच्या शब्दापेक्षा आकड्यांचे वजन जास्त, आणि आकडे माझे. मुलगा दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन गेला. जाताना म्हणाला, "येतो काका." मी मान खाली घालून पेन्सिलीला टोक करत बसलो.

मनाची समजूत घालायला पुन्हा इतिहास काढला. प्रो कबड्डीच्या २०१८च्या लिलावात कोटीचा आकडा पहिल्यांदा गाठला तो इराणच्या फझल अत्राचलीने, आणि तो डाव्या कोपऱ्याचा! ऊर भरून आला. पुढच्या ओळीत वाचले, त्याच लिलावात मोनू गोयतला एक कोटी एक्कावन्न लाख मिळाले. चढाईवाला.

हिवाळ्यात आमचा संघ तालुक्याच्या एका संघाशी खेळला. समोर डाव्या कोपऱ्याला तोच मुलगा. आमचा पहिल्या क्रमांकाचा चढाईवाला डौलात त्या बाजूला गेला आणि घोट्यावर अडकून आडवा झाला. पुन्हा तिकडे फिरकला नाही. आम्ही हरलो. मुलाच्या नावापुढे एकच गुण लागला असणार. नक्की ठाऊक नाही. गुणलेखनाला त्या दिवशी मी नव्हतो. मंडळाने तोवर पोस्टातले एक गृहस्थ गाठले होते.