उसनं अवसान

दिल्लीतला सरोजिनी नगरचा बाजार सोमवारी बंद असतो, म्हणून आम्ही मंगळवारी गेलो. बहिणीचा मुलगा कोल्हापूरहून सुट्टीला आला होता. त्याला इथलं लाल किल्ला वगैरे काही नको होतं, हव्या होत्या जर्सी. निर्यातीतून उरलेले, परत आलेले, आणि त्यांच्या नकला करून शिवलेले कपडे इथे ढिगाने मिळतात हे त्याला मित्रांनी सांगितलं होतं. एका ढिगातून त्याने लिव्हरपूलचा जुन्या धाटणीचा लाल शर्ट ओढून काढला. २००५ साली इस्तंबूलला मिलानविरुद्ध तीन गोलांनी मागे पडून जिंकले, तेव्हा त्यांच्या अंगावर होता तसा. छातीवर कार्ल्सबर्ग.

"मामा, हे कार्ल्सबर्ग काय असतं ओ?"

बिअर, म्हटलं.

त्याने शर्ट जरा लांब धरला. "बिअर? खेळणाऱ्याच्या छातीवर? मग ते पिऊन खेळायचे काय?"

मी तेव्हा दुकानदाराशी भावाची घासाघीस करत होतो, त्यामुळे उत्तर राहिलं. पण प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला. खेळाआधी प्यावं, ही कल्पना निघाली कुठून?

शोधत गेलो तर पहिला दुवा इंग्लंडात नव्हे, आपल्याच कोशात सापडला. शब्द आहे वीरपाण. 'वीरपान' असाही लिहितात. पाणिनीच्या नियमाने न आणि ण दोन्ही चालतात. अमरकोशाने त्याचा अर्थ नेमका दिला आहे: लढाई होऊन गेल्यावर किंवा लढाई व्हायची असताना घेतलेलं पेय. साध्या पिण्याला शब्द कमी नव्हते. तरी रणाच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या पिण्याला कोशकाराने वेगळी नोंद दिली. ज्या गोष्टीला स्वतःचं नाव मिळतं ती क्वचित घडणारी नसते, ती रीत असते.

रामायणात कुंभकर्ण रणात उतरण्याआधी दोन हजार घडे रिचवतो. सप्तशतीच्या तिसऱ्या अध्यायात तर देवी स्वतः महिषासुराला थांबवते: मी मधू पिईपर्यंत काय गर्जायचं ते गर्जून घे. नवरात्रात घरोघरी वाचला जाणारा हा प्रसंग लहानपणापासून ऐकला होता, पण ते वीरपाण आहे हे या शोधात पहिल्यांदा जाणवलं.

युरोपातही हेच. इंग्रजीत या पिण्यातून आलेल्या शौर्याला 'डच करेज' म्हणतात. सतराव्या शतकात डच लोकांची जिन आणि त्यांच्याशी झालेल्या लढाया या दोन्हींतून हा शब्दप्रयोग रुजला असं मानतात. आपल्याकडे त्यासाठी परकी माणसं लागली नाहीत. आपण म्हणतो उसनं अवसान. मला हा शब्दप्रयोग फार नेमका वाटतो, कारण उसनं घेतलेलं परत करावं लागतं हे त्यातच आलं. आणि संस्कृतात 'अवसान' म्हणजे शेवट, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

सैन्याने मग या उसनवारीची व्यवस्थाच लावून दिली. ब्रिटिश आरमारात खलाशाला रोज रमचं माप मिळायचं. ते बंद झालं ३१ जुलै १९७० ला, म्हणजे माणूस चंद्रावर जाऊन आल्यानंतर वर्षभराने. पहिल्या महायुद्धात खंदकातून बाहेर पडून शत्रूच्या गोळीबारात चालत जाण्याआधी शिपायांना रम पाजत. त्या शिपायाकडून हवं काय होतं ते लक्षात घ्या. नाजूक हालचाल नको होती, अंदाज नको होता. पुढे काय आहे हे विसरून त्याने चालावं, एवढंच. त्या कामाला दारू उपयोगी पडते, हे मान्य केलं पाहिजे.

फुटबॉल भारतात याच शिपायांबरोबर आला. शिमल्याच्या खाली डगशाई नावाची छावणी आहे. तिथे १८८८ साली सर मॉर्टिमर ड्युरँड यांच्या नावाची स्पर्धा सुरू झाली. पहिला चषक रॉयल स्कॉट्स फ्युझिलियर्सनी हायलंड लाइट इन्फन्ट्रीला २-१ ने हरवून नेला. मुंबईचा रोव्हर्स कप १८९१ चा. तोही पहिल्यांदा वूस्टरशायर पलटणीने जिंकला. आठवडाभर जी माणसं रमचं माप घेत होती तीच शनिवारी चेंडूमागे धावत होती. छावणीच्या सवयी मैदानाच्या चुनखडीच्या रेघेपाशी थांबल्या असतील असं मला वाटत नाही.

इंग्लंडातल्या क्लबांचं घर तर बऱ्याचदा दारूचं दुकानच होतं. लिव्हरपूल शहरातल्या अ‍ॅनफिल्ड मैदानावर आधी एव्हर्टन खेळायचं. त्या क्लबाचा कारभारी जॉन होल्डिंग हा बिअर गाळणारा व्यापारी, आणि खेळाडू कपडे बदलायचे ते त्याच्याच सँडन हॉटेलात. भाड्यावरून आणि अधिकारावरून बिनसलं, एव्हर्टन १८९२ ला निघून गेलं, आणि रिकाम्या मैदानासाठी होल्डिंगने नवा संघ उभा केला. तोच लिव्हरपूल. म्हणजे भाच्याच्या हातातल्या शर्टावर बिअरचं नाव येण्याच्या शंभर वर्षं आधी त्या क्लबाचा पायाच बिअरच्या पैशात घातला गेला होता. १९०२ साली कर्जात बुडालेल्या मँचेस्टरच्या क्लबाला वाचवून 'युनायटेड' हे नाव दिलं गेलं, तेव्हाही पैसा जॉन हेन्री डेव्हिस या बिअरवाल्याचाच होता. आपल्याकडे १९९८ मध्ये मद्यउद्योगातल्या यूबी समूहाने कोलकात्यात पाऊल टाकलं आणि 'किंगफिशर ईस्ट बंगाल', 'मॅकडॉवेल्स मोहन बागान' अशी नावं छापून येऊ लागली. दोन हाडवैरी क्लब, आणि दोघांच्या नावाआधी एकाच घरच्या बाटल्या.

खेळाआधी पिणाऱ्या त्या जुन्या लोकांचा मात्र दोष काढता येत नाही. तेव्हाचे डॉक्टरच ब्रँडीला उत्तेजक औषध म्हणत. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावणाऱ्या थॉमस हिक्सला त्याच्या मदतनिसांनी वाटेत स्ट्रिक्निन, अंड्याचा पांढरा बलक आणि ब्रँडी पाजली. ऊन रणरणत होतं. तो जिंकला, पण शेवटी त्याला धरून आणावं लागलं, आणि डॉक्टरांनी त्याला कसाबसा सावरला. स्ट्रिक्निन हे उंदरांचं विष. त्यातून जिवंत परतलेल्या माणसाचं पदक पाहून लोकांनी धडा घेतला तो हा, की ब्रँडीने माणूस जिंकतो.

'डोपिंग' हा शब्दही अशाच गल्लीतून आला आहे. बहुतेक कोशकार तो डच भाषेतल्या 'डोप' म्हणजे दाट रस्सा या शब्दापाशी नेतात. अमेरिकेत तो अफूच्या चिकट लगद्याला लागला आणि तिथून शर्यतीच्या घोड्यांना पाजायच्या काढ्याला. दुसरी कथा दक्षिण आफ्रिकेची आहे: तिथे 'डॉप' म्हणजे द्राक्षाच्या सालींची कडक दारू, लढाईआधी घ्यायची. कोशकार पहिल्या कथेकडे झुकतात. दुसरी तरीही पुस्तकांमधून सुटत नाही, कारण तीत पुन्हा वीरपाणच आहे.

आता हिशेब करू. एक लार्ज पेग म्हणजे ६० मिलिलिटर. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये अल्कोहोल साधारण ४२.८ टक्के असतं. म्हणजे पोटात जाणारं शुद्ध अल्कोहोल सुमारे २० ग्रॅम. सर्वसाधारण माणसाचं यकृत ताशी ७ ते १० ग्रॅमच निकालात काढू शकतं, मग तो कितीही धडधाकट असो. या एका पेगला दोन ते तीन तास लागतात. सामना नव्वद मिनिटांचा, मधली पंधरा मिनिटं धरून एकशेपाच. हुरूप यावा म्हणून कपडे बदलताना घेतलेला पेग शेवटची शिट्टी वाजते तेव्हाही रक्तात असतो.

आणि तिथे तो करतो काय? मेंदूचा जो भाग आपल्याला आवरतो, सावध करतो, त्याला तो आधी सैल करतो. भीती कमी होते, हे खरं. पण भीतीबरोबर अदमासही जातो. चेंडू किती वेगाने येतोय, समोरचा कुठल्या पायावर भार देतोय, आपण ऑफसाइडच्या रेषेच्या अलीकडे आहोत की पलीकडे, हे सगळं त्या अदमासावरच चालतं. पाय टाकायला क्षणभर उशीर झाला तर चेंडू निसटतो आणि समोरच्याच्या नडगीवर लाथ बसते. शिवाय दारूने लघवी वाढते, म्हणजे घामाने जाणारं पाणी आणखी लवकर आटतं. यकृत दारूच्या पाठीमागे लागलेलं असल्यामुळे रक्तात नवी साखर सोडण्याचं त्याचं काम मागे पडतं, तेही नेमकं ती हवी असताना. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने १९८२ सालीच स्वच्छ लिहून ठेवलं: दारूने ताकद वाढत नाही, आणि हात-पाय-डोळे यांचा मेळ बिघडतो. यात सगळ्यात घातक हे, की मेळ बिघडल्याचं ज्या मेंदूने ओळखायचं तोच मेंदू सैलावलेला असतो. म्हणून प्यालेला खेळाडू मनापासून सांगतो की आज मी छान खेळलो. तो खोटं बोलत नसतो.

अमरकोशातलं दुसरं पिणं, लढाई झाल्यानंतरचं, तेही निर्दोष नाही. २०१४ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी कसून व्यायाम केलेल्या तरुणांना नंतर भरपूर दारू दिली. स्नायू नव्याने बांधण्याचा वेग, सोबत प्रथिनं दिली तरी, २४ टक्क्यांनी घटला. प्रथिनांऐवजी पिष्टमय पदार्थ दिले तेव्हा ३७ टक्क्यांनी.

एका जागी मात्र दारू खरोखर उपयोगी पडते: हात कापत असेल तर. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये स्वीडनच्या हान्स-गुन्नार लिलियेनवॉलने आधुनिक पेंटॅथलॉनमध्ये पिस्तूल चालवण्याआधी, मन स्थिर व्हावं म्हणून, दोन बिअर घेतल्याचं सांगितलं. ऑलिंपिकच्या इतिहासात उत्तेजक चाचणीत बाद झालेला तो पहिला खेळाडू. त्याच्यामुळे संघाचं कांस्यपदकही गेलं. बंदीच्या जागतिक यादीत दारू टिकली ती शेवटी फक्त चार खेळांत: तिरंदाजी, मोटारशर्यती, विमानक्रीडा आणि पॉवरबोट. १ जानेवारी २०१८ पासून तिथूनही ती काढली आणि जबाबदारी त्या त्या खेळाच्या महासंघावर सोपवली.

हे मी भाच्याला बाजाराच्या पुढच्या खेपेला मेट्रोत सांगत होतो. सरोजिनी नगरला गुलाबी लाइन पकडली, लाजपत नगरला जांभळी घेतली आणि जवाहरलाल नेहरू स्टेडियमला उतरलो. देशाची उत्तेजक चाचणीची प्रयोगशाळा याच आवारात आहे. पण त्याला पाहायचं होतं मैदान. ऑक्टोबर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारत इथे खेळला. अमेरिका, कोलंबिया, घाना, तिन्ही सामने हरला. पण त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, आणि कोल्हापूरच्या मुलाला बाकीचा निकाल लक्षात ठेवायची गरज वाटत नाही.

कोल्हापूरचा फुटबॉल इंग्लंडसारखा दारूच्या दुकानातून निघालेला नाही, ही गोष्ट मला आत्ता, हे लिहिताना, फार मोलाची वाटते. तिथले संघ तालमींच्या नावाने उतरतात: पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम. तालमीत मैदानाआधी आखाडा आला. आखाड्याचं पेय म्हणजे दूध आणि बदाम घोटून केलेली थंडाई, आणि तेही जोर-बैठका, लढती झाल्यावर. पैलवानाला समोरच्याची पकड कातडीतून वाचायची असते. त्याला काही विसरून चालत नाही. भाच्याच्या तोंडून 'खेळणाऱ्याच्या छातीवर?' हे जे निघालं ते या मातीतून निघालं. त्याने ते कुठे वाचलेलं नव्हतं.

घरी आल्यावर त्याने विचारलं, मग खरंच कुणी पिऊन खेळलं का? मी त्याला टोनी अ‍ॅडम्सचं सांगितलं. आर्सेनलचा कर्णधार, इंग्लंडचाही. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल १९९० च्या डिसेंबरात चार महिन्यांची शिक्षा झाली. नशेत असताना सामना खेळल्याचंही त्याने स्वतः सांगितलं आहे. सप्टेंबर १९९६ मध्ये त्याने आपण दारूच्या आहारी गेल्याचं उघडपणे कबूल केलं. त्याच सुमारास आर्सेन वेंगर हा फ्रेंच प्रशिक्षक आला आणि त्याने संघाचं खाणंपिणंच बदललं. पुढे अ‍ॅडम्सने व्यसनात अडकलेल्या खेळाडूंसाठी स्पोर्टिंग चान्स ही संस्था काढली.

मग फोनवर एक गोल दाखवला. ३ मे १९९८, आर्सेनलचं हायबरी मैदान, समोर एव्हर्टन. आर्सेनल तीन गोलांनी पुढे, विजेतेपद हातात. सामना संपत आलेला. अ‍ॅडम्स बचावपटू, तरी तो पुढे पळत सुटतो. स्टीव्ह बोल्ड बचावफळीच्या डोक्यावरून चेंडू उचलतो. अ‍ॅडम्स तो धावता धावता छातीवर घेतो, एक टप्पा पडू देतो आणि डाव्या पायाने जाळ्यात मारतो. दारू सोडून त्याला तेव्हा दीड वर्षाहून जास्त झालं होतं.

भाच्याने तो गोल चार वेळा पाहिला. पाचव्या वेळी त्याने चेंडू छातीवर बसतो तिथे फोन थांबवला आणि मला म्हणाला, "मामा, खाली येता काय? तुम्ही नुसता उचलून टाका."