बार भरणाऱ्याचा हात

चोळांच्या ध्वजावर वाघ होता. त्या चोळांचे नाव धारण करणारे चोळपुरम् हे गाव कुंभकोणमहून कोळ्ळिडम् नदीकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. परंतु त्याच्या आसपास कितीही हिंडले तरी वाघाला दडण्याजोगे रान दृष्टीस पडत नाही. जिकडे पाहावे तिकडे भातखाचरे, केळीच्या बागा आणि कावेरीचे कालवे. येथला हत्ती देवळाच्या दारी उभा असतो आणि वाघ कोरीव दगडात. अशा ठिकाणी बसून मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी बंदुकीत कोणता बार भरावा, याचा इतिहास सांगू लागणे काहीसे चमत्कारिक वाटेल. पण शिकार रानात होत असली तरी तिचा बार रानात ठरत नाही. सोरा कोठून यावा, शिसे किती तोळे घ्यावे, दारू कोणी बाळगावी आणि कोणी बाळगू नये, हे गावात, बाजारात, कचेरीत ठरते. बार भरण्याचा हक्क एका समाजाच्या हातून कसकसा निसटत गेला, हे समजून घेण्यास तंजावर प्रांताइतका बोलका प्रदेश थोडाच सापडेल.

प्रथम शब्दाकडेच पाहावे. तमिळ माणूस बंदुकीच्या दारूला ‘वेडिमरुन्दु’ म्हणतो, म्हणजे स्फोटाचे औषध. आपण तिला ‘दारू’ म्हणतो. हा फारशी शब्द, आणि त्याचाही मूळ अर्थ औषध असाच आहे. ‘दवादारू’ या जोडशब्दात तो अर्थ अद्याप जिवंत आहे. ज्या चीन देशात ही वस्तू प्रथम सिद्ध झाली, तेथेही तिचे नाव ‘अग्निऔषध’ असेच. तीन दूरदूरच्या भाषांनी एका प्राणघातक पुडीला औषध म्हणावे हा योगायोग नव्हे. ती जन्मली औषधे कुटणाऱ्यांच्या खलात, आणि तिचा गुणही औषधासारखाच मात्रेवर अवलंबून. मात्रा कमी पडली तर जनावर मरत नाही. जास्त झाली तर नळी फुटून बंदूकवाल्याचाच हात जातो.

ही मात्रा ठरविण्याची विद्या ठासणीच्या बंदुकीच्या काळात प्रत्येक शिकाऱ्याच्या अंगी असावी लागे. शिंगातील दारू मापात घ्यायची, नळीत ओतायची, तेल किंवा मेण लावलेल्या चिंधीत गोळी बसवून गजाने ठासायची. मग कानापाशी रंजक घालून तोडा पेटता ठेवायचा. यातील एकेक पायरी चुकण्याजोगी. गोळी दारूवर नीट टेकली नाही आणि मध्ये पोकळी राहिली, तर नळी फुगते. दारू दमट असली, तर बार फुसका जातो आणि समोर रानडुक्कर किंवा अस्वल असते. दारू दमटू न देण्याची काळजी आपल्या पूर्वजांनी राज्यकारभाराचा विषय मानली होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दारूखाना वस्तीच्या घरांपासून दूर असावा, आणि ठराविक दिवसांनी दारू बाहेर काढून, ऊन देऊन, पुन्हा मोहोर करून ठेवावी, असे सांगितले आहे. सह्याद्रीच्या पावसात ही सूचना जितकी मोलाची, तितकीच कावेरीकाठच्या दमट हवेत.

दारूचा मुख्य घटक सोरा. तो तमिळ देशात परका नव्हता. खाऱ्या मातीतून पाणी निथळून, आटवून मीठ आणि सोरा काढणारी उप्पिलियन नावाची जातच येथे आहे. आज आपणांस हा एखादा मागासलेला धंदा वाटेल. पण ज्या मातीत हा क्षार आहे, त्या मातीवर ज्याची सत्ता, त्याच्या हाती तोफ, असा तो काळ होता. तंजावरच्या पूर्वेकडील तटावर रघुनाथ नायकाच्या काळची म्हणून ओळखली जाणारी प्रचंड लोखंडी तोफ आहे. लांब पट्ट्यांवर कडी चढवून, घडवून सांधलेली ही नळी सुमारे २२ टन वजनाची मानतात. जेथले लोहार एवढी नळी घडवीत, त्यांना शिकारीच्या बंदुकीची नळी अवघड गेली असेल असे मानण्याचे कारण नाही.

आता गोळीकडे वळू. बंदुकीचा ‘बोअर’ ही संज्ञा अनेकांना गूढ वाटते. वस्तुतः तो हलवायाच्या दुकानातील हिशेब आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतील एक ज्या नळीत बसते ती बारा बोअरची. चार गोळ्या केल्या, तर चार बोअरची. म्हणून आकडा लहान तितकी गोळी मोठी. बारा बोअरची गोळी साधारण सव्वातीन तोळ्यांची. हरणाला ती पुष्कळ झाली. पण हत्तीच्या कवटीचे हाड हे मधाच्या पोळ्यासारखे पोकळ्यापोकळ्यांचे आणि फार जाड असते. मेंदूपर्यंत पोहोचण्यास जड गोळी, कठीण शिसे आणि मोठा बार हवा. पाल्कच्या सामुद्रधुनीपलीकडे सिंहलद्वीपात हत्ती मारणाऱ्या सॅम्युएल बेकरने १८४० साली ब्रिस्टलच्या गिब्ज या कारागिराकडून आपल्या मनासारखी रायफल करवून घेतली. तिचे वजन २१ पौंड, लांबट गोळी ४ औंसांची म्हणजे सुमारे पावणेदहा तोळ्यांची, आणि दारू १६ ड्रॅम, म्हणजे जवळजवळ अडीच तोळे. अशा बंदुकीचा दणका खांद्याने कसा सोसला असेल याची कल्पना करवत नाही. शिसे मऊ राहू नये म्हणून त्यात कथील किंवा पारा मिसळण्याची चाल होती. वाघासारख्या मऊ कातडीच्या जनावराला मात्र मऊच गोळी बरी. ती आत चपटी होते आणि मोठी जखम करते.

मऊ की कठीण, गोल की लांबट, दारू थोडी की फार, या वादाला शास्त्राचे रूप देणारा माणूस आपल्या शेजारच्या नेमाड प्रांतात नोकरीस होता. जेम्स फोर्सिथ हा लष्करी अधिकारी मध्यप्रांतात जमाबंदीचे काम करी. १८६३ साली त्याने शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या या विषयावर एक पुस्तक लिहिले. त्या वेळी सैन्यात लांबट गोळीचे युग सुरू झाले होते आणि जो तो तिचीच तरफदारी करी. फोर्सिथने प्रश्न केला तो असा: सैनिकाला हजार यार्डांवर नेम धरावा लागतो, पण सातपुड्याच्या झाडीत वाघ शेदीडशे यार्डांपलीकडे दिसतो कोठे? या अंतरात गोल, जाड गोळीमागे भरपूर दारू दिली तर ती जवळजवळ सरळ रेषेत जाते, आणि अंतराचा अंदाज चुकला तरी नेम चुकत नाही. अडचण एकच होती. दारू वाढविली की गोल गोळी नळीतील आटे सोडून घसरत पुढे जाई. त्यावर त्याने उपाय सुचविला की आट्यांचा पीळच सैल करावा, म्हणजे गोळी वेगातही आटे धरून ठेवील. फोर्सिथ १८७१ साली वारला आणि त्याच सुमारास मागून भरण्याच्या बंदुकीने त्याचा सिद्धान्त मागे टाकला. तरीही आपण कोणत्या अंतरावर, कोणत्या जनावरावर, कशासाठी गोळी झाडणार आहोत हे आधी ठरवून मग बंदूक निवडावी, ही त्याची विचारसरणी मला त्या काळच्या पुष्कळ शूरकथांहून अधिक मोलाची वाटते.

काडतूस आले, पण हाताने भरणे लगेच थांबले नाही. पितळी नळकांडी विलायतेहून यायची. एकदा उडविलेले नळकांडे टाकून न देता तिची जळालेली टोपी काढायची, नवी बसवायची, दारू मोजून घालायची, वर डगला दाबायचा आणि स्वतःच्या साच्यात ओतलेली गोळी बसवायची. जंगलखात्याचे आणि महसुलाचे साहेब मुक्कामाच्या तंबूत रात्री दिव्यापासून दूर बसून हा उद्योग करीत. कर्टिस अँड हार्वे यांची सहा नंबरची दारू ही त्यांची आवडती. पण याच काळात ‘एक्सप्रेस’ नावाच्या हलक्या, पुढून पोकळ गोळीचे वेड पसरले. वेग मोठा, नेम सोपा. हरणावर ती वीज होती. वाघाच्या खांद्यावर मात्र ती अनेकदा वरच्यावर फुटे आणि जनावर जखम घेऊन झाडीत शिरे. बेकर म्हातारपणी, १८९० साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात या पोकळ गोळीवर तुटून पडला आहे. त्याची पसंती .५७७ ची भरीव मऊ गोळी, वजन सुमारे ६५० ग्रेन, आणि दारू ६ ड्रॅम. म्हैसूरच्या रानात हत्ती धरणारा सँडरसन हाही जड जनावरांसाठी जड बंदुकीचाच पुरस्कर्ता होता.

सँडरसनचे पुस्तक निघाले १८७८ साली. याच एका वर्षात आणखी दोन गोष्टी घडल्या, आणि इतिहासकाराने त्या शेजारी ठेवून पाहाव्यात. एक, हिंदुस्थानचा हत्यारांचा कायदा झाला. दुसरी, वॉलहाऊस नावाच्या मद्रासकडील मुलकी अधिकाऱ्याने ‘इंडियन अँटिक्वेरी’त तंजावरच्या जुन्या शस्त्रागारावर लेख लिहिला. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात स्थापिलेले भोसल्यांचे तंजावर १८५५ साली शेवटचे शिवाजीराजे निवर्तताच कंपनीने खालसा केले होते. त्यांचे शस्त्रागार पिढ्यान्‌पिढ्यांच्या उत्तम कारागिरीने भरलेले. त्यातील फार मोठा भाग मोडून जुने लोखंड म्हणून निकालात निघाला. निवडक वस्तू तेवढ्या मद्रासच्या संग्रहालयात गेल्या. ज्या राजवाड्यात सरफोजीराजांनी ग्रंथ जमविले, तेथील ग्रंथ राहिले आणि हत्यारे गेली. ग्रंथ राहिले याचा आनंद मानावा; परंतु सरकारला कशाचे भय वाटत होते, हेही त्यावरून कळते.

कायद्याने हे भय नियमबद्ध केले. परवाना केवळ बंदुकीला नव्हे, दारूगोळ्यालाही लागू झाला. इतकेच नव्हे तर शिसे, गंधक आणि सोरा यांवरही निर्बंध घालण्याची मुभा सरकारने त्या कायद्यात राखून ठेवली. उप्पिलियनाच्या मडक्यात आटणारा क्षार आता राज्याच्या संशयाचा विषय झाला. साहेबाला पेटीभर काडतुसे मिळत. पिके राखणाऱ्या कुणब्याला मिळाली तर एखादी जुनी ठासणीची बंदूक आणि मोजकी, बहुधा निकस दारू. मग तो काय करी? दारू वाचवायची म्हणून बार हलका भरायचा; शिसे नसले तर खिळ्यांचे तुकडे ठासायचे. असा बार वाघाला लागला तर तो मरत नाही, पांगळा होतो. आणि पांगळा वाघ हरणामागे धावू शकत नाही.

नरभक्षक वाघ बहुधा जखमी झालेलेच असतात, असे कुमाऊँचा जिम कॉर्बेट सांगतो, आणि दक्षिणेत केनेथ अँडरसनचाही अनुभव तोच. इंग्रजी शिकारवाङ्मयात याचा दोष वारंवार गावठी बंदूकवाल्यावर टाकलेला आढळतो. तो अगदीच खोटा नाही. पण एक्सप्रेस गोळीने जखमी करून सोडलेली जनावरे कोणाच्या खात्यात मांडावयाची? बेकरची साक्ष तर त्यांच्याच घरातली आहे. आणि गावकऱ्याचा बार निकस का होता, हा प्रश्न त्या ग्रंथकारांनी फारसा विचारलेला दिसत नाही. जखमी वाघाची किंमत मात्र लाकूडफाटा आणणाऱ्या बायकांनी आणि गुराख्यांनी दिली.

पुढे कॉर्डाइट आले आणि हाताने बार भरण्याची विद्या साहेबाच्या तंबूतूनही उठली. १८९८ साली लंडनच्या रिग्बीने .४५० ची नायट्रो रायफल काढली: गोळी ४८० ग्रेन, कॉर्डाइट ७० ग्रेन, वेग सेकंदाला २१५० फूट. बेकरच्या बंदुकीच्या निम्म्या वजनात तिच्यापेक्षा खोल मारा. गोळीवर धातूचे कवच चढले. गवा आणि हत्ती यांना पूर्ण कवचाची, वाघाला टोक उघडे ठेवलेली, अशी निवड आता पेटीवरील चिठ्ठी वाचून होऊ लागली. परंतु कॉर्डाइटला ऊन सोसत नाही. तापलेल्या काडतुसात दाब वाढतो, नळकांडे खोलीत चिकटते आणि वेळेवर दुसरा बार निघत नाही. म्हणून उष्ण देशांसाठी मात्रा कमी केलेली निराळी काडतुसे निघाली. औषधाची उपमा येथेही सुटत नाही. एकच मात्रा स्कॉटलंडला मानवते, सेलमला नाही. विशेष हे की हे कॉर्डाइट करण्याचा सरकारी कारखाना १९०३-०४ च्या सुमारास तमिळ देशातच, निलगिरीतील अरुवंकाडू येथे निघाला. काडतुसांचा कारखाना आपल्या खडकीस १८६९ पासूनच होता. माल येथला, मजूर येथले, आणि काडतूस विकत घेण्यास परवाना.

याच रिग्बीच्या बोअरवर १९०७ च्या सुमारास सरकारने हिंदुस्थानात बंदी घातली. कारण ऐकण्यासारखे आहे. सैन्याच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली पुष्कळ ठिकाणी लोकांच्या हाती गेल्या होत्या, आणि त्यांचाही बोअर ४५० च. शिकारी काडतूस त्यांत बसत नसे. पण त्यातील गोळी उपसून जुन्या नळकांड्यात नव्याने भरता येईल, अशी धास्ती होती. म्हणजे साम्राज्याला भीती वाटली ती काडतुसाची नव्हे, हाताने काडतूस भरणाऱ्याची! लंडनच्या कारागिरांनी तत्काळ .४६५, .४७०, .४७५ असे शेजारचे आकडे शोधले, आणि संस्थानिकांच्या शस्त्रखोल्या त्यांनी भरल्या. ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे यांनी तर १९२० साली व्याघ्रमृगयेवर इंग्रजीत मार्गदर्शकच लिहिला. .४७० चा आज मोठ्या शिकारीत जो बोलबाला आहे, त्याच्या मुळाशी या बंदीचा वाटा मोठा आहे.

अँडरसनने तेव्हाच्या सेलम जिल्ह्यातील जवळगिरीसारख्या रानांत जी रायफल नेली ती अमेरिकन, .४०५ विंचेस्टर, ३०० ग्रेन गोळीची. दुनळी विलायती रायफलीहून स्वस्त. त्याचे पहिले पुस्तक १९५४ चे. स्वातंत्र्यानंतर विलायती काडतुसे दुर्मिळ झाली. ईशापूरच्या सरकारी कारखान्याने .३१५ ची रायफल केली; तोही आकडा जनावराकडे पाहून नव्हे, सैन्याच्या .३०३ पासून निराळा हवा म्हणून निवडलेला. वाघाच्या शिकारीवर १९७० साली बंदी आली आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने उरलेला प्रश्न मिटविला. त्याच दशकाच्या आसपास इंग्लंडात किनॉकने मोठ्या बोअरची काडतुसे करणे सोडले, तेव्हा आफ्रिकेतले आणि अमेरिकेतले शिकारी घरच्या घरी साचे, तराजू आणि टोप्या घेऊन पुन्हा बार भरू लागले.

इकडे जुन्या तंजावर जिल्ह्यातील कोडिक्करै येथे १९६७ पासून काळविटांचे अभयारण्य आहे. आणि तंजावरच्या शस्त्रागारातून मोडीपासून बचावलेल्या वस्तू चेन्नईच्या सरकारी संग्रहालयात पाहावयास मिळतात: नक्षीच्या मुठींच्या कट्यारी, खंजीर, आणि हत्तीचे सुबक अंकुश.