धारवाडचा शेजार आणि त्याचे हसू

कानडी बायको आणि मराठी नवरा यांच्या संसारात एकाचा शब्द दुसऱ्यास उमगत नाही, ती त्याला आपल्या भाषेत जवळ बोलावते आणि तो भलताच अर्थ घेऊन पळ काढतो, असा प्रसंग तुकोबारायांनी सतराव्या शतकात एका अभंगात घातला आहे. अभंगाचा हेतू अर्थातच पारमार्थिक. अशा विजोड संगतीत मला टाकू नकोस, सज्जनांची संगत दे, एवढेच मागणे त्यांना देवापाशी मांडावयाचे होते. परंतु श्रोत्यांच्या ओळखीचा नसलेला दृष्टांत कीर्तनात चालत नाही, हे ध्यानी घेतले म्हणजे देहूच्या परिसरातील कुणब्या-वाण्यांनाही कानडी-मराठी संभाषणातील घोटाळ्यांची गंमत ठाऊक होती, असे अनुमान काढण्यास हरकत नाही. त्याच्याही आधी चार शतके ज्ञानदेवांनी खुद्द विठ्ठलालाच कानडा म्हणून ठेवले होते. ज्या दोन भाषांचा देव एक, त्यांच्या भक्तांनी एकमेकांच्या उच्चारास हसावे, यात वैराचा भाग थोडा आणि सोयरिकीचा अधिक, असे मला वाटते.

हा हसण्याचा व्यवहार धारवाड आणि हुबळी या जुळ्या नगरांत जितका दीर्घकाळ आणि जितका अखंड चालला, तितका तो दुसरीकडे क्वचितच चालला असेल. कोण कोणास केव्हा हसत होता, हे नीट पाहिले तर त्या प्रांतातील सत्ता, कचेऱ्या आणि शाळा यांची स्थित्यंतरे जितकी स्पष्ट दिसतात, तितकी ती तहनाम्यांवरून दिसत नाहीत. म्हणून हा विषय क्षुल्लक समजून टाकून देण्याजोगा नाही.

मराठी माणूस या मुलखात मोठ्या संख्येने आला तो पेशव्यांच्या फौजांमागून. १७५६ च्या सावनूरवरील स्वारीनंतर तेथील नबाबाच्या प्रांताचा मोठा हिस्सा पुण्याच्या अमलाखाली आला, १७६४ मध्ये थोरल्या माधवरावांनी धारवाडचा किल्ला हैदराकडून घेतला, तो पुढे पुन्हा हैदराकडे गेला आणि १७९१ च्या एप्रिलात परशुरामभाऊ पटवर्धनांनी कॅप्टन लिटलच्या इंग्रजी पलटणीच्या साहाय्याने, सहा महिन्यांहून अधिक काळ वेढा घालून, टिपूच्या किल्लेदाराकडून परत मिळवला. फौजेमागून कमाविसदार आले, त्यांच्यामागून फडणीस, कारकून, भिक्षुक, सावकार आणि आचारी आले, आणि वतने-इनामे मिळाल्यावर ही मंडळी येथेच राहिली. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि धारवाड मुंबई इलाख्यात गेले, तरी दफ्तर मराठीतच राहिले. इंग्रजांनी या टापूस ‘दक्षिण मराठा देश’ असे नाव दिले. तेथील बहुसंख्य रयत कानडी बोलणारी असूनही हे नाव इतके रुजले की १८८२ साली स्थापन झालेल्या रेल्वे कंपनीनेही तेच धारण केले.

या काळातील कचेरीची कल्पना करावी. मामलेदार मराठीत विचारतो, रयत कानडीत उत्तर देते आणि दोहोंच्या मध्ये बसलेला कुलकर्णी, ज्याची घरची भाषा बहुधा कानडी असूनही ज्याचे दफ्तर मोडी लिपीत असे, तो दोन्ही तोंडांनी बोलतो. आपल्याच जमिनीचा आकार, आपल्याच बांधाची चतुःसीमा शेतकऱ्यास परक्या भाषेत वाचून दाखविली जात असे आणि तो ‘हूं’ म्हणून मान डोलावीत असे. मराठी कारकुनाने अडाणी कानड्याच्या तोंडी घातलेल्या फजितीच्या गोष्टींचा उगम मला या कचेरीच्या ओसरीवर दिसतो. आणि त्या हसण्याविषयी आपण मराठी लोकांनी अभिमान बाळगू नये, कारण ज्याच्या हाती लेखणी होती त्याने ज्याच्या हाती नांगर होता त्यास हसावे, एवढाच त्याचा अर्थ होता.

शाळांतही तोच प्रकार झाला. कानडी घरातील मूल पहिले अक्षर गिरवी ते मराठीचे. सर वॉल्टर इलियट या अधिकाऱ्याने स्वतःच्या खर्चाने कानडी शाळा काढली, ती या स्थितीकडे पाहूनच. पुढे शिक्षणखात्यात डेप्युटी पदास चढलेले चन्नबसप्पा यांनी गावोगाव कानडी शाळा स्थापण्याचा जो ध्यास घेतला, त्यामुळे ‘डेप्युटी चन्नबसप्पा’ हे नाव आजही त्या प्रांतात आदराने उच्चारले जाते. याच चन्नबसप्पांनी शेक्सपिअरच्या ‘कॉमेडी ऑफ एरर्स’चे कानडी रूपांतर केले आणि त्यास ‘न हसणाऱ्यांना हसविणारी कथा’ अशा अर्थाचे नाव दिले. परक्या नगरात आलेला माणूस भलत्याच व्यक्तीच्या ओळखीने वावरतो आणि प्रत्येक संभाषण चुकीच्या कानावर पडते, अशी ज्या नाटकाची रचना, ते धारवाडच्या शिक्षणाधिकाऱ्यास भाषांतरासाठी योग्य वाटावे, यात मला विशेष औचित्य दिसते. २० जुलै १८९० रोजी रा. ह. देशपांडे यांच्या पुढाकाराने धारवाडात कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन झाला आणि कानडीस तिच्या घरात मान मिळवून देण्याचे कार्य संघटितपणे सुरू झाले.

देशपांडे हे आडनाव वाचून मराठी वाचक क्षणभर थबकेल, पण धारवाडात आडनावावरून भाषा ओळखता येत नाही. देशपांडे, कुलकर्णी, जोशी, देसाई ही नावे वतनाची आणि वृत्तीची. ती धारण करणारा घरी कोणती भाषा बोलतो, हे त्याने तोंड उघडल्यावरच कळते. पुण्याहून आलेला पाहुणा दारावरची ‘कुलकर्णी’ ही पाटी पाहून निःशंकपणे मराठी सुरू करतो आणि आतून अस्खलित कानडीत स्वागत होते, हा धारवाडच्या आतिथ्यातील जुनाच प्रसंग होय.

परंतु या साऱ्या व्यवहाराचे खरे माधुर्य कचेरीत नव्हे, माजघरात आणि आडावर होते. देशावरून वा कोकणातून नवी सून धारवाडात येई. सकाळी गवळी दारात येऊन ‘हाल, हाल’ म्हणून ओरडे आणि तिला वाटे की बापडा आपल्या हालअपेष्टा सांगत आहे. सासूने भांडे हाती दिल्यावर तिला कळे की कानडीत दुधालाच हाल म्हणतात. शेजारीण कौतुकाने विचारी, ‘यावाग बंदी?’ म्हणजे ‘केव्हा आलीस?’, आणि हिला ऐकू येई ती बंदी, मनाई. उलट ही बोलीतले ‘नाय, नाय’ म्हणून कशास नकार देऊ लागली की शेजारणीची मुले दाराकडे पाहत, कारण त्यांच्या भाषेत ‘नायी’ म्हणजे कुत्रे. महिना-दोन महिन्यांत ती चार कानडी शब्द धिटाईने बोलू लागे, पण आदरार्थी ‘री’ लावण्याचे भान राहत नसल्याने घरी आलेल्या वृद्ध गृहस्थांस ‘बर्री’ म्हणण्याऐवजी ‘बा’ म्हणून मोकळी होई, आणि मग माजघरात जीभ चावणे आणि पदराआड हसणे एकाच वेळी चाले.

आता दुसरी बाजू. मराठी नामांना तीन लिंगे असून ती कोणत्या नियमाने चिकटतात हे मराठी माणसासही सांगता येत नाही. कानडीत निर्जीव वस्तूंना सरसकट नपुंसकलिंग. त्यामुळे कानडी शेजारीण मराठी बोलू लागली की भात ती होई, भाकरी तो होई आणि घाईत ‘माझी मुलगा शाळेत गेली’ अशी वार्ताही कानी पडे. तिला हसणाऱ्या मराठी गृहिणीच्या ध्यानी मात्र ही गोष्ट येत नसे की तिची स्वतःची मराठीही हळूहळू कानडीच्या मुशीत उतरू लागली आहे. कानडीत क्रियापद कर्त्याच्या मागे चालते, कर्माशी त्यास कर्तव्य नसते. म्हणून धारवाड-बेळगावकडचा मराठी माणूस ‘मी भाकरी खाल्ली’ न म्हणता ‘मी भाकरी खाल्लो’ म्हणतो. ‘जेवलास का?’ असे न विचारता ‘जेवण केलास काय?’ असे विचारतो, ‘काय करतोयस?’ऐवजी ‘काय करायलास?’ म्हणतो आणि वाक्याच्या शेवटी ‘की’ ठेवतो. व्याकरणाच्या पंतोजीस यात अशुद्धता दिसेल. मला यात दोनशे वर्षांचा शेजार दिसतो, आणि हे प्रयोग ज्यांच्या मुखी आहेत त्यांनी त्यांची लाज बाळगू नये, असे मी आग्रहाने म्हणेन.

ही लाज त्यांना कोणी वाटावयास लावली? धारवाडच्या कानडी माणसाने नव्हे. ती लावली पुण्याने. शिक्षणासाठी पुण्यास गेलेल्या धारवाडी मराठी मुलाच्या पहिल्याच वाक्यावर वर्गात हशा पिके आणि त्यास ‘कानडी अप्पा’ हे नाव पडे. घरी सात पिढ्या मराठी, पण पुण्यात तो कानडी. आणि धारवाडात सात पिढ्या राहिलेला, पण तेथे तो मराठी. धारवाडात हसणारा आणि हसला जाणारा, दोघांनाही परस्परांची भाषा निदान निम्मी-शिम्मी येत असे, म्हणून उद्या आपल्यावर पाळी येणार हे हसणाऱ्यास ठाऊक असे. पुण्याच्या हसणाऱ्यास कानडीचे अक्षरही येत नव्हते. या दोन हसण्यांतील अंतर पु. ल. देशपांड्यांनी ओळखले होते. बेळगावात अध्यापन केल्यामुळे तेथील माणसे त्यांनी जवळून पाहिली होती, आणि म्हणूनच ‘गणगोत’मधील त्यांचे रावसाहेब आपल्या कानडी वळणाच्या मराठीसकट वाचकाच्या हृदयात उतरतात.

रंगभूमीचा इतिहास तर या पुणेरी हशास परस्पर उत्तर देतो. कर्नाटकातून भागवत मंडळी सांगलीस आली, तिचे खेळ तेथील संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी पाहिले आणि तसेच काही मराठीत करण्याची आज्ञा विष्णुदास भाव्यांस केली. त्यातून १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ निर्माण झाले. ज्या खेळाची भाषा प्रेक्षकांतील अनेकांना परकी होती, त्याच्या पोटी मराठी नाटक जन्मास आले. त्याच १८४३ साली अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म झाला, तो मलप्रभेकाठच्या प्रदेशातील गुर्लहोसूर या कानडी गावात. १८८० मध्ये त्यांच्या ‘संगीत शाकुंतला’ने पुणे वेडे झाले, तेव्हा त्याच्या कर्त्याचे बालपण कानडी मुलखात गेले होते, हे किती पुणेकरांच्या ध्यानी आले असेल? पुढे धारवाड जिल्ह्यातील कुंदगोळचे रामभाऊ, अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य, मराठी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करून सवाई गंधर्व म्हणून गाजले. गद्य बोलताना जिभेला वळण लावावे लागले तरी स्वर लागला की ‘हा कुठला?’ हा प्रश्न सभागृहात कोणी विचारीत नसे. मल्लिकार्जुन मन्सूर आणि बसवराज राजगुरू हे दोघेही बालपणी वामनराव मास्तरांच्या नाटक मंडळीत होते. त्यांच्या गळ्यातील नाट्यसंगीत दोन्ही भाषांच्या रसिकांनी आपलेच मानले.

साहित्यात याहून नवल घडले. धारवाडात १८९६ साली जन्मलेले दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांची घरची भाषा मराठी, आणि विसाव्या शतकातील कानडी कवितेस धारवाडच्या बोलीचा नाद दिला तो त्यांनीच. १९७३ चे ज्ञानपीठ त्यांच्या ‘नाकु तंती’ या कानडी काव्यसंग्रहास मिळाले. त्याच वर्षी साहित्य अकादमीचा मराठीचा पुरस्कार ‘काजळमाया’स मिळाला, आणि तिचे कर्ते जी. ए. कुलकर्णी धारवाडातच इंग्रजीचे अध्यापन करीत होते. मराठी घरातला कवी कानडीत आणि कानडी नगरात राहणारा कथाकार मराठीत, हे एकाच गावात एकाच वर्षी घडावे, हे मला धारवाडचे मोठे भाग्य वाटते.

येथे आलेले सारेच मराठी नव्हते. हुबळीच्या रेल्वे कारखान्यामुळे मद्रासकडची तमिळ कुटुंबे आली, कापसाच्या व्यापारामुळे गुजराती-मारवाडी आले, आणि प्लेगच्या धास्तीने उत्तर हिंदुस्थानातील उन्नाव सोडून आलेल्या ठाकूर घराण्याने धारवाडच्या लाईन बाजारात जो पेढा विकावयास घेतला, तो आता गावाच्या नावानेच ओळखला जातो. प्रत्येकाने आपला हेल आणला आणि बाजाराने तो ऐकून घेतला.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी धारवाड जिल्हा मुंबई राज्यातून निघून म्हैसूर राज्यात गेला. कचेरीतील मराठीचा उरलासुरला अधिकार संपला. कानडी माणसाने आता मराठी माणसास हसण्याची पाळी आली, असे कोणास वाटेल. घडले ते निराळे. म्हैसूर-बंगळूरकडील अधिकारी धारवाडात रुजू झाले आणि त्यांना येथील कानडीच कळेना. ‘भाळ चलो’ हे शब्द ऐकून ते चकित होत, कारण त्यांच्या कानडीत ‘खूप चांगले’ म्हणण्याची रीत ही नव्हे. येथे मामलेदार, तिकडे अमलदार. येथे कुलकर्णी, तिकडे शानभोग. येथे पगार, तिकडे संबळ. दीडशे वर्षांच्या मराठी-फारसी दफ्तराने धारवाडच्या कानडीत जे मीठ घातले होते, ते दक्षिणेकडील जिभेस खारट लागले. म्हैसूरकर धारवाडकराच्या ठसक्यास रांगडा म्हणून हसू लागला आणि धारवाडकर म्हैसूरकराच्या मवाळ, पुस्तकी बोलण्यास. आणि या नव्या सामन्यात धारवाडचा मराठी माणूस आपोआप आपल्या कानडी शेजाऱ्याच्या बाजूस उभा राहिला, कारण त्याने शिकलेली कानडी ही शेजाऱ्याचीच होती.

आज हुबळीचे अधिकृत नाव हुब्बळ्ळी झाले आहे आणि तेथील तरुण नोकरीसाठी पुण्याऐवजी बंगळूरची गाडी पकडतात. त्या महानगरात धारवाडच्या एकाच आळीतील दोन मुले, एक कानडी घरचा आणि एक मराठी घरचा, रिक्षावाल्याशी भाड्यावरून बोलू लागली की तो दोघांनाही एकच प्रश्न विचारतो, ‘धारवाड कडेयवरा?’, म्हणजे ‘धारवाडकडचे काय?’ दोघेही एकाच दमात ‘हौद्री’ म्हणतात, आणि त्या ‘री’वर तो रिक्षावाला दोघांनाही सारखाच हसतो.