आधी अंगण, मग शाळा

गाडी पालघर, बोईसर, वाणगाव ही स्थानके मागे टाकून डहाणूकडे निघाली की उजव्या हाताला डोंगर दिसू लागतात. एकीकडे तारापूरची अणुवीज आणि कारखाने, दुसरीकडे वारल्यांचे पाडे. या पाड्यांवरच्या मुलांनी मोठ्या माणसांवर पुन्हा विश्वास ठेवायला कसे शिकावे, हा प्रश्न ऐंशी वर्षांपूर्वी दोन बायकांपुढे उभा राहिला होता.

त्या काळी येथे वेठबिगार होती. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि ते फेडण्यासाठी नवरा-बायकोने त्याच्याकडे राबत राहायचे. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. पोरे मालकाची गुरे राखत. मारहाण रोजचीच. शहरी कपड्यातला माणूस म्हणजे सावकाराचा, नाही तर जंगलखात्याचा, एवढीच त्या मुलांना ओळख. असा माणूस दिसला की पोर झोपडीत दडे, यात नवल ते काय? तो भित्रेपणा नव्हता, अनुभवाने आलेले शहाणपण होते.

१९४५ साल या भागात दोन अर्थांनी महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी २३ मे रोजी झरी गावच्या परिषदेत वारली शेतमजुरांनी वेठ न करण्याचा निर्धार केला. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांनी उभारलेला तो लढा. त्याच वर्षी ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या.

अनुताईंना बालपणाचा घाव ऐकून ठाऊक नव्हता. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य! ज्या वयात खेळायचे, त्या वयात समाजाने त्यांचे आयुष्य संपले असे ठरवून टाकले होते. शिक्षणाने त्या सावरल्या, शिक्षिका झाल्या.

बोर्डीत बालवाडी उघडली, पण गरिबांची मुले येईनात. तेव्हा ताराबाईंनी उलटा विचार केला. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेनेच मुलाच्या अंगणात जायचे. ‘अंगणवाडी’ या शब्दाचा जन्म असा झाला. बाई वस्तीत जात, मुलांना आंघोळ घालत, केस विंचरत, मग गाणी-गोष्टी. शिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने. परके असे काही नाहीच.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी रानात कुरणशाळा निघाली. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन येणाऱ्या मुलीला कोणी परत पाठवले नाही, शाळेलाच पाळणाघर जोडले. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या, अनुताई १९९२ पर्यंत तेथेच राबत राहिल्या.

या इतिहासातून मला एक गोष्ट उमगते. ज्याचा विश्वास लहानपणीच मोडला, त्याला ‘आता तरी विश्वास ठेव’ असे सांगून भागत नाही. विश्वास मागणाऱ्याने आधी त्याच्या दारी जावे लागते, आणि एकदा जाऊन चालत नाही. आज बाई आली, उद्या आली, परवा पावसातही आली, तिने मारले नाही, काही मागितले नाही. अशा साध्या दिवसांची बेरीज होते, तेव्हा कुठे मूल दडायचे सोडते. त्याला किती दिवस लागावेत, हे त्या मुलानेच ठरवायचे असते.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला. पालघर जिल्ह्यातून आजही कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामाला जातात, मुलेही बरोबर जातात. पावसाळ्यात ती पाड्यावर परततात, तेव्हा अंगणवाडीचे दार ठरल्या वेळी उघडे असायला हवे. मुलाला दिलेला तो शब्द आहे, आणि तो पाळणे आपल्या हातात आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)