हंटरवालीची लेक

मानखुर्दहून कुर्ल्याकडे निघालेल्या आगगाडीला गोवंडीपाठोपाठ चेंबूर लागते. त्या चेंबुरात होमी वाडिया यांनी १९४७ साली बसंत स्टुडिओ उभारला. बसंत या संस्थेचा जन्म मात्र त्याहून जुना, आणि तो परळ येथे दोघा भावांच्या मतभेदातून झालेला.

जे. बी. एच. वाडिया व होमी या बंधूंनी १९३३ साली वाडिया मूव्हीटोन स्थापन केली. १९३५ साली त्यांचा ‘हंटरवाली’ झळकला. ऑस्ट्रेलियात पर्थ येथे जन्मलेली मेरी इव्हान्स, म्हणजेच नादिया, तोंडावर मुखवटा चढवून दुष्ट वजिराच्या माणसांना हंटराने झोडपते, हे दृश्य लोकांनी डोक्यावर घेतले. बाजारात हंटरवालीच्या नावाचे पट्टे नि चाबूक विकले जाऊ लागले! मग घोडा, धावती आगगाडी, हाणामारी, हाच साचा वर्षानुवर्षे चालला. थोरल्या बंधूंची ओढ एम. एन. रॉय यांच्या विचारांकडे व कलात्मक चित्रांकडे होती. १९४१ चा ‘राज नर्तकी’ हे त्या ओढीचे फळ. धाकट्यांचा जीव साहसपटांत. अखेर १९४२ साली वाटा फुटल्या आणि परळच्या वास्तूत शांतारामांचे राजकमल नांदू लागले.

नव्या संस्थेच्या हाती जुनी कीर्ती तेवढी होती. म्हणून १९४३ साली ‘हंटरवाली की बेटी’ आला. हिंदी बोलपटांतील पहिला ‘पुढला भाग’ म्हणून तो ओळखला जातो. साचा मोडायचा, पण प्रेक्षक गमवायचा नाही, यावर तोड अशी काढली की हंटर पुढच्या पिढीच्या हाती द्यायचा. तो उचलणारी नटी अर्थातच नादिया! बदल नावापुरताच, असे कोणी म्हणेल. परंतु थिएटरात येणाऱ्याला हवी होती तीच.

याउलट वाट १९८५ साली नादियाच्याच जन्मभूमीत चोखाळली गेली. जगाच्या विध्वंसानंतरचे वाळवंट दाखविणाऱ्या ‘मॅड मॅक्स’च्या तिसऱ्या भागात मोटारींचा पाठलाग अखेरीवर ढकलून मध्यभागी पोरक्या मुलांची टोळी आणली. धाडस मोठे, मात्र ज्यांना रस्त्यावरचा थरार हवा होता, त्यांचा हिरमोड झाला.

होमींनी असा जुगार खेळला नाही. १९६१ साली त्यांनी नादियाशी विवाह केला. आणि १९६८ च्या ‘खिलाडी’त, साठीच्या उंबरठ्यावर, ती पुन्हा पडद्यावर उभी राहिली.