अक्कलदाढ काढावी कीं राखावी ?
(‘अधिमांस’ व ‘अधिदंत’ या दोन संज्ञांचा निर्णय)

(१) विसाव्या वर्षाच्या आगेंमागें उगवणारी शेवटची दाढ दुखूं लागली म्हणजे ती काढून टाकावी कीं राहूं द्यावी, हा प्रश्न घरोघर पडतो. प्राचीन वैद्यकांत या प्रश्नाचें उत्तर आहे. पण तें कोठें शोधावें याविषयीं घोंटाळा झालेला दिसतो. संहितांत सांगितलेला ‘अधिदंत’ किंवा ‘वर्धन’ म्हणजेच अक्कलदाढ, असें कित्येक अर्वाचीन अभ्यासक समजतात. हें समीकरण मान्य केल्यास, प्राचीनांच्या मतें अक्कलदाढ उगवली कीं उपटावी असा अर्थ निघतो. तो बरोबर नाहीं, हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

(२) या विचारास बीड जिल्ह्यांतील घाटनांदूरच्या परिसरापासून आरंभ करणें सोयीचें आहे. बालाघाटच्या पट्ट्यांतील हें गांव अंबेजोगाई तालुक्यांत, परळीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आहे. परळीस वैद्यनाथाचें देवस्थान, अंबेजोगाईस यादव सिंघणाचा सेनापति खोलेश्वर याच्या कुलाचा शके ११६२ (इ. स. १२४०) चा शिलालेख. म्हणजे हा मुलूख देवगिरीच्या यादवांचा. त्याच यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्रि यानें वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली. वाग्भटाच्या यंत्राध्यायांत दांत पाडण्याचें, बाणाच्या पिसाऱ्यासारख्या तोंडाचें, चार अंगुळें लांबीचें यंत्र सांगितलें आहे. सूत्रस्थानावरील हेमाद्रीची टीका निर्णयसागराच्या १९३९ च्या आवृत्तींत अरुणदत्ताच्या टीकेसह छापलेली आहे. तेव्हां दांत उपटण्याची विद्या तेराव्या शतकांत यादवांच्या दरबारीं अपरिचित नव्हती.

(३) आतां नांवाकडे पाहूं. ‘अक्कल’ हा शब्द अरबी ‘अक्ल’ यावरून आला. अरबींत या दाढेस ‘जिर्स-उल-अक्ल’ व फारसींत ‘दंदान-ए-अक्ल’ म्हणतात. लॅटिनमधील नांवाचा अर्थही शहाणपणाचे दांत असाच आहे. देवगिरीचें राज्य बुडाल्यापासून सप्टेंबर १९४८ पर्यंत ज्या मुलुखावर दिल्ली, दौलताबाद, अहमदनगर, मोगल व निजाम यांचा अंमल क्रमानें झाला, तेथें हें नांव रुळावें यांत नवल नाहीं. संहितांतून ‘अक्कल’ या अर्थाचा शब्द शोधणें मात्र व्यर्थ होय. तेथें दाढ ओळखावयाची ती नांवावरून नव्हे, तर स्थान व लक्षणें यांवरून.

(४) सुश्रुताच्या निदानस्थानांतील मुखरोगाध्यायांत ‘अधिमांस’ नांवाचा विकार आहे. जबड्याच्या सर्वांत मागच्या दांताशीं मोठी सूज, तीव्र वेदना व लाळ गळणें ही त्याचीं लक्षणें. वाग्भट सांगतो कीं, दंतपंक्तीच्या शेवटीं खुंटीसारखी सूज येते, जबडा व कान दुखतात आणि अन्न गिळणें कठीण होतें. अर्धवट उगवलेल्या अक्कलदाढेवर हिरडीची झांपड राहून तिच्याखालीं अन्न कुजतें, तेव्हां आजचे दंतवैद्य नेमकें हेंच वर्णन करतात. यावर सुश्रुताचा उपाय काय ? वाढलेलें मांस कापावें. वेखंड, तेजोवती, पहाडमूळ, सज्जीखार व जवखार यांचें चूर्ण मधांतून लावावें. पडवळ, त्रिफळा व निंब यांच्या काढ्यानें धुवावें. शस्त्र मांसावर चालतें. दांताला हात लावण्यास सांगितलेलें नाहीं.

(५) ‘वर्धन’ हा विकार निराळा. वातामुळें अधिक दांत उगवतो, उगवतांना तीव्र वेदना होते व उगवल्यावर ती शमते, असें त्याचें लक्षण आहे. येथें मात्र सुश्रुत दांत उपटून त्या जागीं डाग देण्यास सांगतो. वाग्भट क्षारानें खिळखिळा करून किडक्या दांताप्रमाणें काढण्यास सांगतो. वेदना शमण्याच्या लक्षणावरून ही अक्कलदाढ असावी असा तर्क होतो. परंतु ‘अधिक’ हा शब्द त्यास आड येतो. सुश्रुत व चरक दोघेही अस्थिगणनेंत बत्तीस दांत धरतात. नेपाळांतील पोथीवरून १९३८ सालीं प्रसिद्ध झालेल्या काश्यपसंहितेंतही बत्तीसच दांत असून, त्यांतले आठ एकदांच उगवणारे म्हटले आहेत. चार अक्कलदाढा वगळल्या तर अठ्ठावीसच उरतात. जी दाढ बत्तिसांत मोजली, ती ‘अधिक’ कशी ठरणार ? सबब अधिदंत म्हणजे तेहतिसावा दांत. त्याच्याविषयींची आज्ञा अक्कलदाढेस लागू नाहीं.

(६) दांत उपटण्याविषयीं सुश्रुत एकंदरींतच सावध आहे. वरचा दांत हलत असला तरी काढूं नये, अतिरक्तस्रावानें एक डोळा जाणें किंवा तोंड वांकडें होणें असे विकार होतात, असा त्याचा इशारा आहे. आजचा अनुभव उलट आहे : वरची अक्कलदाढ बहुधा सुलभपणें निघते, खालच्या दाढेच्या मुळांजवळून मज्जातंतु जात असल्यामुळें तिला इजा होऊन ओंठ बधिर होण्याचें भय असतें. कारणें बदललीं; सावधगिरीचें तत्त्व टिकलें. इंग्लंडांत ‘नाइस’ संस्थेनें २००० सालीं असें ठरविलें कीं, निरोगी अडकलेली अक्कलदाढ केवळ पुढील भयास्तव काढूं नये. भरून न निघणारी कीड, द्रवकोश, किंवा हिरडीची सूज दुसऱ्यांदा येणें, अशा कारणांनींच काढावी. पहिलीच सूज विशेष तीव्र नसल्यास तेवढ्यावरून काढूं नये. कोक्रेन संस्थेच्या २०२० च्या समालोचनानेंही रोगरहित दाढ काढावी कीं राखावी हें ठरविण्यास पुरावा अपुरा असून, राखल्यास ती वेळोवेळीं तपासावी, असें म्हटलें आहे.

(७) निष्कर्ष असा. अधिमांस हा अक्कलदाढेचा विकार. अधिदंत हा संख्येबाहेरचा दांत. पहिल्यांत मांसच्छेद, दुसऱ्यांत दंतोत्पाटन. दोन्ही शब्द ‘अधि’ या उपसर्गानें आरंभ होतात व एकाच प्रकरणांत येतात. त्यामुळें नकलकाराच्या हातून किंवा वाचकाच्या नजरेंतून एकाचा उपाय दुसऱ्यास जोडला जाणें सहज शक्य आहे, आणि अशा चुकीची किंमत निरोगी दाढेनें मोजावी लागते. म्हणून घाटनांदूर, अंबेजोगाई व परळी या टापूंत वैद्यकीय बाडें ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं मुखरोगाचें पान उलगडतांना तीन गोष्टी टिपून घ्याव्या : शब्द कोणता, जागा कोणती, आणि शस्त्र कशावर. एवढें टिपल्यावर काढावी कीं राखावी याबद्दल पोथीचें मत काय, हें पोथीच सांगेल.