देवाचा दरबार

कवी व ख्रिस्ती धर्मोपदेशक रेव्हरंड नारायण वामन टिळक (1861–1919) यांनी 1917 मध्ये सातारा येथे सुरू केलेला ख्रिस्तशिष्यांचा बंधुसंघ. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही त्यात जागा होती, आणि कोणत्याही मिशनचा हुकूम त्यावर चालणार नव्हता. टिळकांच्या मृत्यूमुळे संघाला जेमतेम दोन वर्षांचे आयुष्य लाभले. ख्रिस्ती समाजाचे आध्यात्मिक पुढारी कसे घडावेत, या प्रश्नाला मराठी माणसाने दिलेले हे बहुधा सर्वांत धीट उत्तर होय.

पार्श्वभूमी : अमेरिकन मराठी मिशनचे काम 1813 मध्ये मुंबईत सुरू झाले आणि 1831 मध्ये अहमदनगरला पोचले. देशी माणसाला पाळकपद मिळायला त्यानंतरही बराच काळ जावा लागला. हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक यांना नगरमध्ये ते 1854 साली मिळाले. त्याच वर्षी स्कॉटिश मिशनच्या नारायण शेषाद्रींनाही दीक्षा मिळाली; पुढे जालन्याजवळ बेथेल ही वसाहत त्यांनीच उभारली. शतकाच्या उत्तरार्धात नगरला ईशपरिज्ञानाचे विद्यालय निघाले, उपदेशक आणि शिक्षक तयार होऊ लागले, खेडोपाडी बायबलबाया फिरू लागल्या. खानदेशात हे काम उशिरा आले. भुसावळ, जळगाव, चाळीसगाव या रेल्वेच्या गावांत ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ठाणी घातली.

या व्यवस्थेने माणसे घडवली, हे नाकारता येत नाही. पण तिचा कणा पगाराचा होता. उपदेशकाचे वेतन, बदली आणि बढती मिशनच्या हाती असे आणि मिशनचा पैसा समुद्रापलीकडून येई. त्यामुळे गावकऱ्यांच्या नजरेत तो साहेबाचा नोकर ठरे. नोकर कितीही भाविक असला तरी त्याचे पाय धरायला कोणी येत नाही. हरिदास, बैरागी, वारकरी फडाचा महाराज ही धर्मपुरुषांची रूपे ज्या मुलखात घरोघरी ओळखीची होती, तिथे तर हा फरक फारच ठळक दिसे.

टिळक : रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन घराण्यात जन्म. रेल्वेच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने दिलेला नवा करार वाचून ते ख्रिस्ताकडे वळले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. हा विधी गोऱ्या मिशनऱ्याने नव्हे, देशी पाळकाने करावा अशी त्यांची अट होती. पुढच्या सगळ्या बंडाचे बीज या अटीतच आहे. यानंतर त्यांनी नगरला अध्यापन केले, 1912 पासून ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाचा मराठी विभाग सांभाळला आणि अभंग लिहिले. तुकारामाच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. मराठी संतवाङ्मयाला ते जुन्या कराराच्या जोडीला बसवत. सहकारी मिशनऱ्यांना हे कितपत रुचले असेल, याची कल्पना करता येते.

शिष्य घडवण्याची त्यांची खरी पद्धत पाहायची तर दरबाराच्या आधीचे नगरचे घर पाहावे लागते. त्याचे चित्र त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात सापडते. घरात परकी मुले वाढत, पाहुणे महिनोन्महिने राहत, आणि टिळकांच्या हाती आलेला पैसा संध्याकाळपर्यंत दुसऱ्याच्या हाती गेलेला असे. घर चालवण्याचा भार अर्थातच लक्ष्मीबाईंवर पडे. गुरुगृही राहण्याच्या जुन्या रीतीची किंमत बहुतेक वेळा गुरुपत्नी भरते. ती भरताना काय वाटते, हे मराठीत लिहून ठेवणाऱ्या फारच थोड्या. लक्ष्मीबाई त्यांतल्या एक.

या घरात राहिलेला सर्वांत प्रसिद्ध मुलगा खानदेशातला होता. त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचा जन्म 1890 साली धरणगावला झाला. 1907 मध्ये जळगावला भरलेल्या कविसंमेलनात त्यांना ‘बालकवी’ हे नाव मिळाले. पुढे टिळकांनी त्यांना नगरच्या घरी ठेवून घेतले व मुलासारखे वागवले. ठोमरे ख्रिस्ती झाले नाहीत. टिळकांच्या मायेत त्यामुळे उणे आले नाही. बाप्तिस्मा न घेतलेला शिष्य ही दरबाराची कल्पना पुस्तकातून आलेली नसावी, असे मानायला हे उदाहरण पुरेसे आहे. 5 मे 1918 रोजी जळगावजवळच्या भादली स्थानकात आगगाडीखाली सापडून बालकवींचा अंत झाला.

स्वरूप : 1917 मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास पत्करला आणि साताऱ्यात मुक्काम केला. ख्रिस्ती संन्यासी ही कल्पना त्या काळी अगदीच अनोळखी नव्हती; साधू सुंदरसिंग भगव्या वस्त्रांत उत्तर भारतात फिरतच होते. पण सुंदरसिंग एकटे फिरत. टिळकांना मंडळी हवी होती. आश्रमात एकत्र राहणे, भजन-कीर्तन करणे, लोकांत मिसळणे आणि त्यांनी दिलेल्या अन्नावर निर्वाह करणे अशी त्यांची कल्पना होती. शिष्याने आधी मंडळीचा सभासद व्हावे आणि मग ख्रिस्तामागे जावे, हा मिशनचा क्रम. टिळकांनी तो फिरवला. ख्रिस्तामागे चालू लागलेला माणूस शिष्यच, बाप्तिस्म्याचे त्याचे तो ठरवील, अशी त्यांची भूमिका होती.

या भूमिकेत एक अडचण होती, आणि टीकाकारांनी ती नेमकी हेरली असती तर बरे झाले असते. बाप्तिस्मा हा ख्रिस्ती मंडळीत केवळ विधी नाही. कोण कोणाला जबाबदार, हे त्यावरून ठरते. तो ऐच्छिक केला की संघाला बांधणारी एकच गोष्ट उरते, आणि ती म्हणजे गुरू. दरबाराचे तेच झाले. 9 मे 1919 रोजी टिळकांचे मुंबईत निधन झाले, आणि संघ पुढे चालवील असा कोणी तयार झालेला नव्हता. ज्या पगारी व्यवस्थेवर त्यांनी पाठ फिरवली, तिच्याकडे निदान दुसरा माणूस नेमायची सोय होती.

वारसा : टिळकांचा सर्वांत पक्का शिष्य दरबारात नव्हे, घरात होता, असे म्हणता येईल. लग्नाच्या वेळी अक्षरओळखही बेताची असलेल्या लक्ष्मीबाई त्यांच्याकडून लिहायला शिकल्या. टिळकांच्या धर्मांतरानंतर काही वर्षे त्या दूर राहिल्या आणि स्वतःच्या विचाराने 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला. ‘ख्रिस्तायन’ या महाकाव्याचे सुमारे दहा अध्याय लिहून टिळक गेले. पुढचे 64 अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. लक्ष्मीबाईंच्या निधनानंतर 1938 मध्ये तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. स्त्रियांच्या पुढारपणाचा मोठा प्रयोग त्याच काळात केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी केला. 1905 च्या धर्मजागृतीनंतर तिथल्या मुलींची प्रार्थनापथके बाहेरगावी जाऊ लागली. रमाबाईंनी मागे संस्था उभी केली होती, म्हणून त्यांचे काम टिकले.

आश्रमाची कल्पना जॅक विन्स्लो या इंग्रज मिशनऱ्याने पुढे नेली. त्याने 1923 मध्ये टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले. त्याच्या आदल्याच वर्षी त्याने नगरला ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला होता. 1927 मध्ये हा संघ पुण्यात शिवाजीनगरला गेला. मानवशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विन भारतात आला तो याच संघाचा सदस्य म्हणून. 1970 च्या दशकात शिवाजीनगरच्या आश्रमात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट भगिनी एकत्र राहू लागल्या. दक्षिणेत तिरुपत्तूरचा ख्रिस्तकुल आश्रम 1921 चा, उत्तरेत स्टॅन्ली जोन्स यांचा सातताल आश्रम 1930 चा. साताऱ्याचा प्रयोग दोहोंच्या आधीचा आहे.

पाळकांचे शिक्षण मात्र विद्यालयांच्याच वाटेने गेले. यवतमाळला 1953 मध्ये उभी राहिलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी 1983 मध्ये पुण्याला हलली, आणि आज तिथे देशभरातून विद्यार्थी येतात. टिळकांचा दरबार अभ्यासक्रमात एखाद्या तासापुरता भेटत असेल. त्यांची गीते मात्र ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून मराठी मंडळ्यांत दर रविवारी म्हटली जातात, धुळे-जळगावकडेही.